एकवीस वर्षं अडवलेली खोली

मित्रांनो, मी एक जुनी खाट आहे. जुनं ते लाकूड. खाट होऊन मला चारच महिने झालेत. त्याआधी एकवीस वर्षं मी आठ माणसांचं जेवणाचं टेबल होते, आणि त्या वर्षांची मला लाज वाटते. लाज सांगून धुतली जात नाही, पण झाकली तर कुजते. म्हणून सांगते.

माझा जन्म याच खोलीत झाला. घराचं काम चालू होतं. मालकीणबाईंना अख्ख्या गल्लीत नसेल एवढं टेबल हवं होतं. तेवढं धूड दारातून आत येणार कसं? म्हणून सुताराने दाराची चौकट बसवायच्या आधीच मला इथे जोडलं. "आता हे जन्मात बाहेर निघत नाही," तो म्हणाला. मी तो आशीर्वाद समजले.

एकवीस वर्षांत माझ्यावर चारदा पानं मांडली गेली. चारदाच. घरची माणसं स्वयंपाकघरात कोपराला कोपर लावून जेवायची आणि मी इथे आरशासारखी चकाकत बसायची. खुर्च्यांवरचं प्लॅस्टिकसुद्धा कधी निघालं नाही. "पाहुणे आले तर?" मालकीणबाई म्हणायच्या. आल्या-गेल्याने दारातून डोकावून "काय पॉलिश आहे!" म्हटलं की मी फुगायची. कामाचा पत्ता नाही आणि मान पाटलिणीचा.

मला पुसायच्या त्या आत्या. मालकीणबाईंच्या थोरल्या नणंद. त्यांना जागा होती वर, गच्चीलगतच्या पत्र्याच्या खोलीत. रोज सतरा पायऱ्या उतरून त्या यायच्या, मऊ फडक्याने मला पुसायच्या आणि हळूच म्हणायच्या, "तुझं बरं आहे गं बाई. तुला काम नाही, मला जागा नाही."

मला वाटायचं, ही थट्टा आहे.

एकदा दुधाचं पातेलं नेताना त्यांचा हात भाजला. त्यांनी ते पटकन माझ्यावर टेकवलं. पांढरं कडं उमटलं. मालकीणबाई धावत आल्या. "वन्सं, हा ओटा नाही. डोळे आहेत ना?" आत्यांनी भाजलेला हात पदराखाली घेतला. तो हात कुणी बघितला नाही. मीही नाही. मी माझ्या डागाचं दुःख करत होते.

मग यंदा आत्या जिन्यावरून पडल्या. डॉक्टरांनी बजावलं, आता जिना बंद. खाली न्हाणीघराला लागून एकच खोली होती, ही.

सून म्हणाली, "आई, इथेच करू त्यांची सोय."

"आणि टेबल काय माझ्या डोक्यावर ठेवू?"

तोच सुतार आला, आता जाड चष्म्याचा. त्याने टेप लावली, मान हलवली. "कापल्याशिवाय निघत नाही."

"मग राहू दे," मालकीणबाई म्हणाल्या. "वन्सं जातील परगावी, भाच्याकडे. त्याचं घर मोठं आहे."

मित्रांनो, खरं सांगते, मला आनंद झाला.

सुतार अजून हत्यारं आवरत होता, तेवढ्यात आत्यांना खुर्चीत बसवून खाली आणलं. मांडीवर एक बोचकं. त्या म्हणाल्या, "जाता जाता एकदा पुसून घेते." सुनेने फडकं दिलं. आत्या उठल्या, दोन हात फिरवले आणि त्यांचा तोल गेला. मी हाताशी होते. पण त्यांनी माझा आधार घेतला नाही. दुखऱ्या पायावर भार देऊन त्या मागे वळल्या आणि भिंतीला टेकल्या.

"वन्सं, टेबल धरायचं ना!" मालकीणबाई ओरडल्या.

"हाताचा डाग पडेल, वहिनी."

मालकीणबाई खुर्चीवर बसल्या. प्लॅस्टिक करकरलं. मग सुताराकडे वळून म्हणाल्या, "करवत आणलीय का?"

"आणलीय."

"मग बघतोस काय?"

करवत लागली तेव्हा मी एका शब्दाने कुरकुरले नाही. कुठल्या तोंडाने कुरकुरणार? माझ्या फळ्यांची ही खाट झाली. उरलेल्या तुकड्याची उशाशी फळी बसली. नेमकं ते पांढरं कडं तिच्यावर आलं. "रंधा मारून घालवू?" सुताराने विचारलं.

"नको," मालकीणबाई म्हणाल्या. "मला दिसलेलं बरं."

पहिले काही दिवस आत्या फळीवर घडी केलेला कागद घालून त्यावर चहा ठेवायच्या. एके सकाळी मालकीणबाईंनी तो कागद ओढून काढला आणि कप त्या कड्यात ठेवला. "एवढी जागा करून ठेवलीत, मग वापरा की."

"तुमची जीभ काही म्हातारी होत नाही, वहिनी," आत्या म्हणाल्या.

आता दुपारी मालकीणबाई आपलं ताट इथेच आणतात. प्लॅस्टिक काढलेल्या खुर्चीवर त्या, माझ्यावर आत्या. टेबल होते तेव्हा या खोलीत कुणी जेवत नव्हतं.

मित्रांनो, वस्तूंना जपा, मी नाही म्हणत नाही. पण तुमच्या घरात कुणी एखाद्या वस्तूला हात लावायला भीत असेल, तर आधी त्या माणसाचा हात बघा. तो भाजलेला असेल.