साखर आणि माझे तीन कारागीर

मी एक जुनी हिरवी बुरशी आहे. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत राहते. "एवढं गोड खाऊ नकोस गं, कामातून जाशील," असं बाटल्या धुणारे मामा मला एकदा म्हणाले होते. मी कानाडोळा केला.

मित्रांनो, मला पाहून तुम्ही नाक मुरडता. पण तुमच्या जखमेतले जंतू मारणारं औषध माझ्याच पोटात बनतं. तिथे तीन कारागीर राबतात. विकरं, म्हणजे एन्झाइम, म्हणतात त्यांना. पहिला तीन बारके तुकडे ओळीनं जोडतो. दुसरा त्या माळेला मुरड घालून कड्या पाडतो. तिसरा तिचं शेपूट बदलतो, की झालं औषध! बशीत जंतू पेरले, तरी माझ्याभोवती स्वच्छ रिंगण राही. पाहुणे 'वा वा' करत.

मग नवे साहेब आले. म्हणाले, "भरपूर साखर घाला, भरपूर औषध मिळेल."

"साहेब, तयार साखर मिळाली की ही नुसती फुगते," मामा म्हणाले. "दुधातली साखर द्या. ती सावकाश पचते, मग ही औषध करते."

"मामा, तुम्ही बाटल्या धुवा. शास्त्र आमच्यावर सोडा."

मी हावरटासारखी खात सुटले. अंगानं सुटले आणि माझे कारागीर हात बांधून बसले. रिंगण गेलं. आणि बोल कुणाला? मला! "आळशी झालीय. शुक्रवारी वाफेच्या भांड्यात टाका." म्हणजे मला उकडून मारा! साखर कुणी घातली, हे कुणी विचारलंच नाही. मामांना तर 'वय झालं' म्हणून आधीच घरी बसवलं होतं.

प्रयोगशाळेतल्या एका ताईंनी मामांचं बोलणं ऐकलं होतं. गुरुवारी त्यांनी माझा एक कण हळूच दुधातल्या साखरेवर ठेवला. "माझी लेकही अशीच. बिस्किटं खाल्ली की जेवायचं नाव नाही," त्या पुटपुटल्या. शुक्रवारी जुनी बशी गेली. तेवढ्या कणात मी उरले. काही दिवसांनी मी वाढले, आणि माझ्याभोवती पुन्हा रिंगण उमटलं!

साहेबांनी माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढला. खाली लिहिलं, 'आमची नवी पद्धत'. मामांचं नावसुद्धा नाही! संताप होतो हो.

मामा मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर एकटेच राहतात. ताईंनी दोनदा फोन केला, उचलला नाही. 'उद्या जाते' म्हणतात, आणि त्यांचा उद्या काही उजाडत नाही. मला पाय नाहीत, मित्रांनो. तुम्हाला आहेत. जरा जाऊन त्यांचं दार वाजवा ना. आणि सांगा, रिंगण आलंय.