दक्षिणेकडची गेरूची चौकट

नवरा गेनू याच्या तेराव्यानंतर गवराबाईच्या घरात एवढी माणसं पहिल्यांदाच आली होती. गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती. भावकी होती, शेजारी होते, खालच्या खोल्यांत राहणारे कंपनीतले भाडेकरूही रविवार म्हणून वर चढले होते. सगळ्यांचे डोळे सौरनाथ महाराजांच्या हातातल्या बल्बवर खिळले होते. त्याला ना वायर होती, ना होल्डर.

चाकणच्या आसपास घरोघर सोलर बसायला लागलं आणि महाराजांनी बरोबर वारं ओळखलं. पॅनल गच्चीवर नेमकं कुठं बसवायचं, हे इंजिनीयरला विचारायच्या भानगडीत ते पडत नसत. ते थेट सूर्याला विचारत, आणि सूर्यही एवढा मोकळा की लगेच उत्तर देई.

"ब्रह्मांडात कंपनं असतात, माउली," महाराज म्हणाले. "जिथं कंपनं शुभ, तिथंच सूर्यनारायण उतरतो. बाकी ठिकाणी नुसती काच तापते आणि घर पोळतं."

आधी ते दक्षिणेच्या कठड्याशी गेले. तिथं फरशीवर गेरूनं आखलेली लांबट चौकट होती. महाराजांनी बल्ब उंच धरला. बल्ब ढिम्म. मग ते उत्तरेला, जिन्याच्या खोलीमागच्या कोपऱ्यात आले. तांब्यातल्या तीर्थात बोटं बुडवली, डोळे मिटले, ओठ हलवले, आणि बल्ब लख्ख पेटला. गवराबाईच्या जावेनं, चतुराबाईनं, तिथल्या तिथं लोटांगण घातलं.

"दक्षिणेला ती चौकट कुणी आखली?" महाराजांनी विचारलं.

"आमच्या मालकांनी," गवराबाई म्हणाली. "सोलरसाठी, दिवाळीच्या तोंडावर. मग आठव्या दिवशीच गेले ते."

महाराजांनी डोळे मिटले. कुठं डोळे मिटायचे, हे त्यांना चांगलं कळत होतं.

"दक्षिण यमाची दिशा, माउली. जागा करून दिली, तो आला."

गुरुवारी उत्तरेच्या कोपऱ्यात मंत्र कोरलेलं तांब्याच्या पत्र्याचं यंत्र बसवायचं आणि मग तिथंच पॅनल, असं ठरलं. माणसं उतरली, पण महाराज अर्धा तास गवराबाईजवळ बसले. जेवता का, झोप लागते का, मुलगा येतो का, असं एकेक विचारत राहिले. दिवाळीपासून हे तिला कुणी विचारलं नव्हतं. मुलगा धनेश मारुंजीला फ्लॅट घेऊन राहायचा. त्याचा फोन रविवारी यायचा आणि "आई, नंतर करतो" म्हणून संपायचा. भाडेकरू शिफ्टप्रमाणे कुलूप लावायचे, कुलूप काढायचे. सात खोल्यांच्या घरात गवराबाई दिवसचे दिवस कुणाशी बोलत नसे. महाराजांवर तिचा विश्वास बसला तो त्या अर्ध्या तासात. बल्ब नसता तरी बसला असता.

त्यानंतर दोन दिवस तिनं काही शिजवलं नाही. तीन नंबरच्या खोलीतली वर्षाराणी मंगळवारी पाण्याची मोटर लावायला सांगायला आली. ती लातूरकडची, गाड्यांच्या वायरी जोडायच्या कंपनीत कामाला होती.

"मावशी, काय झालंय वो? गॅसवर काहीच दिसंना."

गवराबाईनं कुणालाच न सांगितलेलं त्या पोरीला सांगून टाकलं.

"मालक पॅनल उत्तरंला लावू म्हनत व्हते, बाई. मीच म्हनलं, न्हाई, दक्षिणंला लावा. तीस वर्सं मी त्या गच्चीवर वाळवण घालती. मार्गशीर्षात शेंगा तिकडंच वाळत्यात, उत्तरंच्या कोपऱ्यात बुरशी येती. माझंच ऐकून चौकट काढली त्यांनी. मीच घालवलं त्यांना."

वर्षाराणी तिच्याजवळ खाली बसली. मग तिनं विचारलं, "मावशी, उत्तरंला बल्ब लागायच्या आदी त्या महाराजानं काय केलं होतं?"

"तीर्थात बोटं बुडवली."

"आन दक्षिणंला?"

"नुसती काच धरली व्हती."

वर्षाराणी उठली आणि आपल्या खोलीतला बल्ब घेऊन आली.

गुरुवारी अकरा वाजता गच्ची पुन्हा भरली. महाराज यंत्राला कुंकू लावत होते, तेवढ्यात गवराबाईनं त्यांच्या पिशवीशेजारचा बल्ब उचलला आणि दक्षिणेच्या चौकटीत जाऊन उभी राहिली.

"माउली, तिथं नको," महाराज म्हणाले. "अनर्थ होईल."

"आता माझा आनिक काय अनर्थ व्हायचा ऱ्हायलाय?"

तिनं कठड्याशी ठेवलेल्या पाण्याच्या बादलीत बोटं बुडवली, बल्बच्या बुडाची दोन टोकं धरली आणि उन्हात दिसावं म्हणून वर पदर ओढला. पदराखाली बल्ब पेटला.

"हे तीर्थ न्हाई, बोअरचं पानी हाय," ती म्हणाली.

"ही तुमची पुण्याई, माउली," महाराज घाईनं म्हणाले.

"मग चतुराबाईचीबी बगू."

चतुराबाईच्या हातात तो पेटला. मग सगळ्यांच्याच हातात, गच्चीच्या चारी कोपऱ्यांत. लाइट गेल्यावर चालणारा, बाजारात मिळणारा बल्ब तो. वर्षाराणीनं समजावून सांगितलं, "ह्याच्या पोटात बॅटरी असती. बुडाची दोन टोकं ओल्या बोटानं जोडली की अंगातून अगदी जरासा करंट जातो. बल्बला वाटतं, कुणी बटण दाबलं. सूर्याला ह्यातलं काहीच ठाऊक नसतंय."

"आन त्या यंत्राकडं बगा," गवराबाई म्हणाली. भर अकराला जिन्याची खोली यंत्रावर सावली धरून उभी होती. थंडीत सूर्य दक्षिणेला कलतो, सावली उत्तरेला पडते. शेंगा वाळवणाऱ्या बाईला जे कळत होतं, ते सूर्याशी बोलणाऱ्या माणसाला कळलं नव्हतं. महाराज यंत्र तिथंच टाकून जिना उतरले.

पॅनल गेरूच्या चौकटीवरच बसलं, दक्षिणेला तोंड करून. त्या संध्याकाळी गवराबाईनं ट्रंक उघडली. गेनूच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची चार पाकिटं तळाशी तशीच होती. दोन वर्षं डॉक्टर सांगत होते आणि गेनू खिशात घालून घरी आणत होता, पण न घेताच ट्रंकेत टाकत होता. तो कशानं गेला ते तिच्या हातात होतं. यमाच्या धाकानं अडून राहिलेलं रडू ती गेनूसाठी रडली.

चमत्कार दिसला की आधी ती वस्तू आपल्या हातात मागून घ्या. देणारा कचरला तर समजा. आणि तुमच्या ओळखीत कुणी एकटं राहत असेल, तर जेवलीस का, एवढं विचारायला जा. तुम्ही गेला नाहीत, तर ते विचारायला बल्ब घेऊन कुणीतरी येतोच.

धनेशचा फोन रविवारी आला. "आई, सोलर चालू झालं का?" त्यानं विचारलं.

"झालं," गवराबाई म्हणाली, आणि यावेळी तिनं त्याला फोन ठेवू दिला नाही. "मी जेवले का ते इचार."