धुऊन आण गं

मित्रांनो, कढईत कुरडई टाकली की ती कशी फुलते, हे तुम्ही डोळे मोठे करून बघता आणि मग तिचा फडशा पाडता. ती कोणाच्या पोटातून आली, हे मात्र कोणी विचारत नाही. म्हणून मीच सांगतो. मी एक जुना पितळी सोऱ्या आहे.

माझा जन्म नाशिकच्या तांबट आळीतला. सिंधुबाईंनी मला विकत घेतले तेव्हा त्यांचा महेश पाळण्यात होता. दुकानात त्यांनी माझी चकती उजेडापुढे धरली, एकेक भोक निरखले आणि म्हणाल्या, "हा टिकंल." त्या कौतुकाने मी जो फुगलो, तो अजून उतरलेलो नाही.

बाईंचा पाय घरात ठरत नसे. पहाटे अंगण, मग भाजीबाजार, नात वेदिकेची शाळा, दुपारी कोणाची बाळंतीण, संध्याकाळी भजन. त्यांना निवांत बसलेले मी फक्त गच्चीवर, कुरडया घालतानाच पाहिले. उन्हाळ्यात हिरावाडीतल्या आमच्या गल्लीत मी घरोघरी पाहुणा जायचो. मला नेणाऱ्या प्रत्येकीला बाई दारात एकच वाक्य ऐकवायच्या, "धुऊन आण गं." गव्हाचा चीक माझ्या भोकांत वाळला की दगड होतो, म्हणून. शेजारच्या कमळाबाई तर मुद्दाम म्हणायच्या, "नाय धुणार, जा." आणि लख्ख धुऊन आणायच्या.

गेल्या उन्हाळ्यात बाईंनी कुरडयांचे गहू भिजत घातले. ते तीन दिवस भिजतात आणि रोज त्यांचे पाणी बदलावे लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाणी बदलले. दुपारी छातीत कळ आली, आणि दिवेलागणीला बाई या जगात नव्हत्या.

मी फळीवरून सगळे पाहत होतो. मला रडता येत नाही, याचे त्या दिवशी फार वाईट वाटले.

बाई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातल्या पातेल्याकडे महेशच्या आत्याचे, नवसाबाईंचे लक्ष गेले. "सुतकातले गहू. टाकून द्या," त्या म्हणाल्या. ज्या घरात माणूस जाते त्या घरी वर्षभर कुरडया करत नाहीत, हे सगळ्यांनाच ठाऊक होते. सून योगिनी पातेल्याचा काठ धरून बसली. "आईंनी एकेक दाणा निवडलाय, आत्या," एवढेच तिच्या तोंडून निघाले.

कमळाबाई दाराशी उभ्या होत्या. त्या आत आल्या. "सुतक घराला हाय, गव्हाला नाय. तिनं जित्तेपणी भिजवलेत," असे म्हणून त्यांनी पातेले उचलले आणि मला काखेत मारले.

त्यांच्या गच्चीवर आम्ही त्या कुरडया घातल्या. दरवर्षीप्रमाणे मुले गरम चिकासाठी वाट्या घेऊन आली. कमळाबाईंनी सगळ्यांना वाढले, पण कोणी दुसऱ्यांदा मागितला नाही. माझा दांडा फिरवताना त्यांची नजर सारखी आमच्या गच्चीकडे जात होती आणि जमिनीवर पसरलेल्या लुगड्यावर वेडेवाकडे वेटोळे पडत होते. बाईंनी पाहिले असते तर दिवसभर हसल्या असत्या.

तेराव्याला त्याच कुरडया तळल्या. महेशने एक हातात घेतली आणि तशीच धरून बसला.

कुरडया घातल्या त्या दिवशी रडण्याच्या भरात कमळाबाईंनी मला न धुताच पिशवीत घालून परत पाठवले होते. योगिनीने न बघताच मला माळ्यावर टाकले. चीक वाळला. माझी भोके बुजली. मित्रांनो, वर्षभर मी तसाच अंधारात पडून राहिलो. आता आपली रवानगी भंगारात, असे मी मनाशी धरून चाललो होतो.

वर्षश्राद्ध झाले आणि योगिनीने मला खाली काढले. चकती पाहून ती थबकली.

"आईंचेच गहू आहेत हे," ती हळूच म्हणाली.

"मग राहू दे ना, मम्मी," वेदिका म्हणाली. "आजीची आठवण म्हणून. आपण नवीन सोऱ्या आणू."

योगिनीने पाणी तापवले, मला त्यात बुडवले आणि सुई घेऊन बसली. "आजीनं हा असा बघितला असता, तर मला घरात घेतलं नसतं," ती म्हणाली. एकेक भोक मोकळे होत होते आणि ती पदराने डोळे पुसत होती. थोड्या वेळाने वेदिकाही दुसरी सुई घेऊन शेजारी बसली.

मित्रांनो, गेलेल्या माणसाच्या वस्तू नुसत्या कपाटात जपू नका. त्या घासा, पुसा, वापरा. आम्हाला हातांची सवय असते.

परवा कमळाबाई आल्या. उंबऱ्याबाहेरच उभ्या राहून, नजर चुकवत म्हणाल्या, "योगिनी, सोऱ्या देती का?"

योगिनीने मला त्यांच्या हातात ठेवले. त्या वळल्या, तेव्हा मागून म्हणाली, "काकू, धुऊन आणा हं."

कमळाबाई मला पोटाशी धरून तिथेच पायरीवर बसल्या. मग मान वर करून त्यांनी उत्तर दिले.

"नाय धुणार, जा."