यादीत माझं नाव

“ड्यूटी बदललीस तर आधी ऑफिसला कळव. नाहीतर हरवलं कोण, तेच कळायचं नाही,” रुग्णवाहिकेवरच्या सीनियर ललिताताईंनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. “ताई, माणसं काय छत्र्या आहेत?” म्हणत मी हसले.

मी फ्लोटवर आहे, म्हणजे जिथे माणूस कमी, तिथे जायचं. आज मांजरी गावच्या रुग्णवाहिकेवर ड्यूटी होती. बाळाला ताप आला म्हणून माझ्याऐवजी सोबत काम करणारी मैत्रीण मिसबा सकाळी सहाला स्कूटीवरून निघाली. दहाला ऑफिसचा फोन आला. “मॅडम, तुम्ही पोचलाच नाहीत. गैरहजेरी लावलीय.”

मी अदलाबदल सांगितली. “यादीत तुमचंच नाव आहे,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मिसबाचा फोन नुसता वाजतोय. तापलेलं बाळ सोडून मला निघता येत नाही. तुम्ही मांजरीकडे असाल, तर रस्त्यालगतच्या उसाच्या कडेने जरा बघाल का? तिची स्कूटी निळी आहे.