रिक्त पदावरच्या मॅडम

"हॅलो, पॉलिटिकल साइन्स का पद आपके यहाँ खाली है ना?"

सुखराम बाबू ट्रेझरीत गेले होते आणि ऑफिसचा मोबाइल वाजून वाजून टेबलाच्या काठापर्यंत सरकत आला होता, म्हणून मी उचलला. नाहीतर मला काय पडली होती? आमचे सुखराम बाबू म्हणजे कॉलेजचे एकुलते एक क्लार्क. ते नसले की फोन असाच ओरडत पडतो.

"हाँ, खाली है," मी म्हटलं.

"मैं इन्दौर से बोल रही हूँ, ऋता कानडे."

"कानडे? मराठी आहात का?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"अगंबाई, तिथे मराठी बोलतात?" ती खूश झाली. मग मराठीतच सुरू झाली. पीएससीतून तिची निवड झाली होती. असिस्टंट प्रोफेसर, पर्मनंट. ज्या ज्या सरकारी कॉलेजात राज्यशास्त्राची जागा रिकामी, त्यांची यादी निघाली होती, आणि त्यातून उद्या संध्याकाळपर्यंत तिला आपल्या पसंतीची नावं भरून द्यायची होती. त्या यादीत आमचं कॉलेज होतं. बालाघाटहून बसने निघालं की किरनापुर लागतं, त्याच्याही पुढे, रस्त्याला लागूनच.

आता खोटं कशाला बोलू, ती यायला नको, असंच मला वाटलं. कारण ती रिकामी जागा म्हणजे मी. सरकारच्या कागदावर ते पद रिक्त, आणि त्याच पदावर मी, पुष्पलता, एम.ए., एम.फिल., पंधरा वर्षांपासून बसलेली. आम्हाला अतिथी विद्वान म्हणतात. नाव किती भारदस्त! पण पर्मनंट माणूस आला की त्याच दिवशी अतिथीने आपली पिशवी उचलायची. त्याला 'फॉलन आउट' म्हणतात. माझ्या ओळखीतले किती तरी जण असे झाले. मी पंधरा वर्षं वाचले, कारण आमच्याकडे यायला कोणी तयारच नव्हतं.

"तिथे एकटी बाई राहू शकते का हो?" ऋताने विचारलं.

"राहायला काय, राहते माणूस," मी म्हटलं. "पण खोल्या मिळत नाहीत. आणि पावसाळ्यात साप फार."

"बाई गं. आणि नेटवर्क?"

"एका लिंबाच्या झाडाखाली येतं."

"पण आत्ता तर तुमचा आवाज छान येतोय."

"आज येतोय. रोज नाही येत."

"आणि विद्यार्थी?"

"नावाला साठ. वर्गात पाच आले तरी देव पावला म्हणायचं."

काय सांगू, एकदा जीभ सुटली की थांबतच नव्हती. लाइट जाते, शेवटची बस चुकते, पाणी बाधतं. शेवटी तिने विचारलं, "तुम्ही तिथे काय करता?" मी म्हटलं, "मी ऑफिसातच असते." तेवढ्यापुरती मी ऑफिसात होतेच.

"थँक यू हं, ताई," ती म्हणाली. "नाहीतर असं खरं सांगणारं कोणी भेटत नाही."

फोन ठेवला आणि मी घटाघट पाणी प्यायले.

संध्याकाळी बालाघाटला घरी आले. आमच्या यांची, मोतीलालांची, घराला लागूनच पिठाची चक्की आहे. त्यांना सगळं सांगितलं, तर हे पिठाने भरलेल्या मिशांत हसायला लागले.

"वा पुष्पा! झ्याक केलं. साप गिप मस्त सांगतले तू."

"तुमाले हासू येते. मले कसंतरी होऊन राह्यलं."

"काहून? पंधरा वर्सं झाले, तुले कोनं इचारलं का बाई, तुयं कसं होईन म्हणून? मंग तू काहून दुसऱ्याचा इचार करतं?"

त्यांचं काही चूक नव्हतं. पीएससीची परीक्षा मीही दिली होती, एकदा. मग कितीतरी वर्षं भरतीच निघाली नाही, आणि निघाली तेव्हा माझं वय निघून गेलं होतं. दर जुलैत पोरापोरींचे आईबाप प्रवेशाच्या खिडकीशी विचारतात, "मॅडम, पॉलिटिकल सायन्स घेऊन पोट्टी करन काय?" मी तोंडपाठ सांगते, पीएससी आहे, पटवारी आहे, मास्तरकी आहे, वकिली आहे, पेपरात नोकरी आहे. आतापर्यंत एकाही बापाने "आन तुमी काय झाल्या?" असं विचारलं नाही, हे त्यांचे उपकारच. पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही, झोप तर नाहीच. असं खरं सांगणारं कोणी भेटत नाही, हे तिचं वाक्य सारखं कानात येत होतं. तिने दोन शिव्या घातल्या असत्या तर मी सुखाने झोपले असते.

सकाळी कॉलेजच्या फाटकातच मंजू भेटली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची, नऊ किलोमीटरवरून सायकलने येते, आणि माझ्या आधी वर्गात हजर. घरी मराठी, कॉलेजात हिंदी, आणि माझ्याशी दोन्हीची खिचडी.

"मॅडम, बाबा म्हणते एम.ए. करून काय करशीन. मी सांगून देल्लं, मुझे मॅडम जैसा बनना है."

"माझ्यासारखं?" मी दचकलेच. "नाही वं बाई. व्हायचंच असन तं पर्मनंट हो."

"पर्मनंट तो यहाँ कोई आता ही नहीं," मंजू हसून म्हणाली आणि सायकल लावायला गेली.

मी तिथेच उभी राहिले. कसा येईल? काल फोन मी उचलला होता ना.

ऑफिसात सुखराम बाबू फाइलला दोरी बांधत होते. मी म्हटलं, "बाबू, कालचा इन्दौरचा नंबर काढून द्या."

त्यांनी मोबाइल दिला नाही. आधी माझ्याकडे बघितलं. नोकरीत त्यांचे केस पांढरे झाले, त्यांना समजायला वेळ लागत नाही.

"मॅडम, ते पोलिटिकलवाली होती का?"

"हौ."

"मंग राहू द्या ना. आपुन होऊन काहून लावता? तिनं यायचं असन तं येईन, नाई तं नाई."

"बाबू, द्या."

त्यांनी नंबर लावून मोबाइल माझ्या हातात दिला, आणि स्वतः बाहेर जाऊन दार लोटून घेतलं. भला माणूस.

"मी कालची बोलतेय," मी सुरुवात केली. "ते लिंबाचं झाड वगैरे. ते खोटं होतं."

"म्हणजे?"

"नेटवर्क सगळीकडे येतं. साप निघतात, पण ते काय इन्दौरातही निघत असतील. खोल्या किरनापुरला मिळतात, बालाघाटला तर पाहिजे तेवढ्या. मी स्वतः रोज बालाघाटहून येते. आणि वर्गात पाच नाही, चाळीस पोरं बसतात."

मग ती जी भडकली! "अहो, मी काल रात्रीच तुमचं कॉलेज यादीतून काढून टाकलं! घरात सगळ्यांना सांगून बसले. काय मिळालं तुम्हाला यातून?"

माझी सगळी शुद्ध मराठी त्या क्षणी संपली.

"त्या जागेवर मीच बसली हाव, बाई. पंधरा वर्सं झाले. तुमी आल्या तं मले जावं लागते. म्हणून सांगतलं तसं."

मला वाटलं, आता ती फोन आपटते.

"मग आज का सांगताय?" तिने विचारलं. आवाज खाली आला होता.

"पोट्ट्याईसाठी सांगून राह्यली असं म्हणलं असतं, पन अजून खोटं कायले बोलू? काल मले जेवन नाई गेलं. म्हणून."

ती हसली की काय ते कळलं नाही. मग मात्र तिने एकेक गोष्ट खोदून विचारली आणि मी एकेक खरी सांगितली. चाळिसातल्या तीस मुली आहेत. पुस्तकं जुनी आहेत. धान रोवायच्या दिवसांत वर्ग अर्धा होतो, त्यांना रागावून उपयोग नाही, रोवणी आटोपली की येतात. प्रश्न विचारायला लाजतात, पण एकदा बोलायला लागल्या की ऐकत नाहीत. ऋता म्हणाली, "बघते. आज संध्याकाळपर्यंत वेळ आहे." तिने काय भरलं ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मोतीलालांना कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "पॉलिटिकल सायन्स शिकवता पंधरा वर्सं झाले तुले, पन पॉलिटिक्स काई आलं नाई!" दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. मी मात्र त्या रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

नवव्या दिवशी यादी लागली. सुखराम बाबूंनी मोबाइल माझ्यापुढे धरला आणि नुसतं बोट ठेवलं. आमचं कॉलेज, राज्यशास्त्र, ऋता कानडे.

मी बाकावर बसले. रडू येईल म्हणून पदर हातात धरून ठेवला, पण आलं नाही. आलं ते भलतंच. वाटलं, सुटले बाई एकदाची. पंधराही जुलै मी असेच काढले. दर जुलैत बदल्यांची यादी लागली की दुसऱ्याच्या नावापुढे आपलं कॉलेज तर नाही ना, हे बघायचं, नसलं की देवाला साखर ठेवायची. एका अनोळखी माणसाची वाट लागली तर बरं, असं म्हणत म्हणत मी सेहेचाळीसची झाले. आता या जागेपायी मला कोणाचंच वाईट चिंतायचं नव्हतं.

घरी सांगितलं. मोतीलालांनी चक्की बंद केली.

"मंग आता?"

"आता मी दुसऱ्या कॉलेजाचा चॉइस भरीन, अतिथीचाच. लागलं तं लागलं. नाई तं तुमच्या चक्कीवर बसीन."

"चक्कीवर एम.फिल. नाई चालत," ते म्हणाले. आणि मग हसले, म्हणून मीही हसले.

ऋता सोमवारी आली. मी बस थांब्यावर घ्यायला गेले होते. आवाजावरून मला उंच, धिप्पाड वाटली होती. उतरली ती एवढीशी पोरगी, पाठीवर मोठी पिशवी, आणि बस लागल्याने तोंड उतरलेलं.

"ताई?" तिने विचारलं.

"हौ, मीच. चल, आधी लिंबू सरबत घे."

ऑफिसात सुखराम बाबूंनी जॉइनिंगचा कागद पुढे केला. त्यावर तिची सही झाली की माझं तिथलं काम संपलं, हे त्या खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं. ऋताने पेन उघडलं, तारीख लिहिली आणि थांबली. माझ्याकडे बघायला लागली.

"ताई, करू?"

"कर ना वं. पोरं वाट पाहून राह्यले."

तिने सही केली. सुखराम बाबूंनी शिक्का उचलला, ठसा नीट उठेना, म्हणून दोनदा मारला. मग ते खिडकीकडे तोंड करून उगाच खाकरत बसले.

"पहिल्या तासाला याल ना माझ्यासोबत?" ऋता हळूच म्हणाली. "मला फार भीती वाटतेय हो."

वर्गात गेलो तर सगळी उभी राहिली. मी सांगितलं, या ऋता मॅडम, पीएससीतून आल्या आहेत, पर्मनंट आहेत, आजपासून त्याच शिकवतील. पोरं टाळ्या वाजवायच्या ऐवजी माझ्याचकडे बघत राहिली.

"मॅडम, और आप? आप कहाँ बैठेंगी?" मंजूने विचारलं.

खरंच की. टेबलामागे एकच खुर्ची होती. मी सरळ चालत गेले आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले. बाजूच्या पोरीने घाबरून आपली वही सरकवून घेतली. पंधरा वर्षांत त्या बाकावरून फळा कसा दिसतो हे मी बघितलं नव्हतं. खालची ओळ दिसतच नाही तिथून. आणि मी सारखी खाली लिहायची.

ऋताने घसा साफ केला. पहिली पाच मिनिटं ती भिंतीशीच बोलली. मग जरा सावरली, आणि खडू हातात घेऊन तिने विचारलं, "अच्छा, कौन बताएगा? राज्य और सरकार में क्या फर्क है?"

उत्तर सगळ्यांना येत होतं. मीच शिकवलं होतं, तेही तीनदा. पण कोणी हात वर केला नाही. आधी पहिल्या बाकावरची एक मान मागे वळली, मग दुसरी, मग सगळ्याच. चाळीस पोरं, पाठ नव्या मॅडमकडे आणि तोंड माझ्याकडे. टेबलाशी उभ्या ऋताच्या हातातला खडू तसाच राहिला. जीव असा गलबलला की काय सांगू. एका झटक्यात उठून फळ्याशी जावं आणि उत्तर सांगून टाकावं, असं वाटलं.

मी हाताने खूण केली. समोर पाहा.

कोणी हललं नाही. मी पुन्हा खूण केली, या वेळी जरा डोळे वटारून. मग एकेक मान फिरली.

मंजू उभी राहिली. "मॅडम, मैं बताऊँ?" तिने विचारलं, आणि ते तिने ऋताला विचारलं होतं.

"बताओ," ऋता म्हणाली.

मी चपला काढून पाय बाकाखाली लांब केले आणि ऐकत बसले.