दीपगृहाचे पडदे

समुद्रावर काळोख उतरतो, लाटा कड्यावर डोकं आपटू लागतात, वाट चुकलेलं जहाज आशेने किनाऱ्याकडे पाहतं, आणि त्या क्षणी मानवजातीचा सगळा भार एका एकट्या माणसाच्या खांद्यावर येऊन पडतो. तो माणूस म्हणजे दीपगृहाचा रखवालदार.

त्या वेळी मी बहुधा जेवून झोपलेला असतो. दिवा आपला आपण लागतो. तो दीपगृहात नाहीच. बाहेर एका खांबावर बसवलाय, बादलीएवढा, उन्हावर चालणारा, आणि त्याला हात लावायची मला परवानगी नाही. माझ्याकडे गवत आहे.

कार्व्हर बेटावर पाऊस मधूनमधून थांबतो तो फक्त गवताला वाढायला सवड मिळावी म्हणून. टास्मानियाचं दक्षिण टोक संपल्यावर समुद्रात हा एक तुकडा, मग थेट बर्फ. होबार्टला स्वयंसेवक निवडणाऱ्या बाईंसमोर मी समुद्र, एकांत आणि आत्मचिंतन या विषयांची तयारी करून गेलो होतो. त्यांनी विचारलं, "गवत कापायचं यंत्र बंद पडलं तर दुरुस्त करता येतं?" मी म्हणालो, "नाही." शेजारी बसलेली माझी बायको मर्टल म्हणाली, "येतं." आमची निवड झाली.

तर मी गवत कापतो. मटनबर्ड पक्ष्यांनी जमिनीत बिळं करून ठेवलीत, त्यांत गुडघ्यापर्यंत पाय जातो आणि आतला पक्षी घरमालकासारखा ओरडतो. मी माफी मागतो, पाय काढतो, पुढे जातो. मर्टल यंत्र दुरुस्त करते, कोबी लावते, पावसाचं माप बघते. हवेची खबर रेडिओवर द्यायचं काम मी मागून घेतलं. बोलायचं काम तेवढं एकच होतं.

आणखी एक काम म्हणजे पडदे. जुन्या दीपगृहात माणसापेक्षा उंच काचेचं भिंग अजून उभं आहे. दिवा गेला, भिंग राहिलं. दिवसा त्यावर ऊन पडलं तर ते एकवटून बाहेरची झुडपं पेटवू शकतं, म्हणून उत्तरेच्या बाजूला, इकडे सूर्य तिकडूनच फिरतो, जाड पडदे आहेत. सकाळी ओढायचे, संध्याकाळी उघडायचे. मर्टल आल्यापासून म्हणत होती, "अरे लेस, पडदे काढ, धुवून टाकू."

"ते ऐतिहासिक कापड आहे. उगाच हात लावू नये."

"ती ऐतिहासिक धूळ आहे."

हा विषय मी इतिहासावर सोपवला होता.

विनी टिल्यार्ड हे नाव आम्ही पहिल्यांदा ऐकलं ते आमचं सामान आणणाऱ्या हेलिकॉप्टरवाल्या कॅमकडून. ऐंशी ओलांडलेल्या बाई. त्यांचे वडील कार्व्हरवर रखवालदार होते तेव्हा दिवा आतच होता आणि रखवालदाराला खरोखर काम होतं. सकाळी पडदे ओढायचा मान वडिलांचा. विनीला त्यांनी शब्द दिला होता की दहा वर्षांची झालीस की रोज तू ओढायचे. वाढदिवसाच्या आदल्या आठवड्यात वडिलांची बदली झाली. पडदे राहिले ते राहिले.

आता रविवारी लेक त्यांना कायमची क्वीन्सलँडला घेऊन जाणार होती. तिथे ऊन असतं असं लेकीचं म्हणणं. सामान टाकायला यायच्या फेरीत एक जागा रिकामी होती. विनीबाईंना ती हवी होती, एवढ्याचसाठी की तो पडदा एकदा आपल्या हाताने ओढायचा. सोमवारी धुकं. मंगळवारी धुक्यावर पाऊस. बुधवारी कॅम म्हणाला, "उद्या जमलं तर जमलं. नाहीतर परवापासून मी दुसरीकडे अडकलोय आणि आजी चालल्या क्वीन्सलँडला."

इथे आमच्या किनाऱ्याच्या भाषेबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे कशालाच कोणी चांगलं म्हणत नाही; म्हटलंच तर ती चेष्टा समजतात. वर्षातून एखादा दिवस असा उजाडतो की देवाने तो स्वतःसाठी ठेवला असावा. त्याला 'वाईट नाही' म्हणतात. 'थोडं वारं आहे' म्हणजे शेजाऱ्याचा पत्रा आपल्या अंगणात आलाय. आणि 'जरासं' हा शब्द ऐकला की शहाण्या माणसाने जवळचं काहीतरी घट्ट धरावं. डूगी नावाचा कोळी एकदा 'जरासं पाणी आत आलंय' म्हणाला होता. त्या वेळी तो नावेच्या टपावर उभा होता.

मी या भाषेत जन्मलो. पण आयुष्यभर होबार्टच्या एका वर्तमानपत्रात दर शनिवारी खुसखुशीत सदर लिहून माझी जीभ बिघडली होती.

गुरुवारी सकाळी बाहेर आलो आणि उभाच राहिलो. एक ढग नाही. समुद्र इस्त्री केल्यासारखा. नैऋत्येला मात्र अगदी खाली एक करडी रेघ दिसत होती, म्हणजे दुपारपर्यंत हे सगळं संपणार. धावत रेडिओकडे गेलो.

"काय म्हणतंय बेट, लेस?" कॅमने विचारलं.

"कॅम, अप्रतिम! आकाश निळंशार आहे! समुद्र आरसा झालाय! असा सुंदर दिवस मी जन्मात पाहिला नाही!"

आमचा रेडिओ आसपासच्या सगळ्या नावा ऐकतात. पलीकडच्या खाडीत धुक्यात नांगर टाकून बसलेल्या डूगीचं हसू ऐकू आलं. "ऐका रे! म्हाताऱ्याने सदर पुन्हा सुरू केलं!"

दुसऱ्या नावेवरून कोणी विचारलं, "डोक्यावर छप्पर आहे ना रे अजून?"

"इतकं वाईट आहे का?" कॅम गंभीर झाला. "बरं, आजींना सांगतो, नाही जमत."

"अरे नाही! खरंच सुंदर आहे! शपथ घेऊन सांगतो, मनोहर आहे!"

"कळलं रे बाबा, कळलं. आतच बस. जिवाला जप."

कॅमच्या मागून एक म्हातारा आवाज आला, "काय म्हणतोय तो?"

"चेष्टा करतोय आजी. लेखक आहे."

"अस्सं," विनीबाई म्हणाल्या. त्या 'अस्सं'मध्ये टोपी काढून ठेवल्याचा आवाज होता.

मी आणखी दोन विशेषणं वापरली. प्रत्येक विशेषणागणिक हवामान बिघडत गेलं. शेवटी नावांवरून मला धीर देणं सुरू झालं.

मर्टल दारात आली. हाताला यंत्राचं तेल होतं. तिने आकाशाकडे पाहिलं, मग त्या करड्या रेघेकडे आणि मग माझ्याकडे, आणि माझ्या हातातून रेडिओ घेतला.

"कॅम, मर्टल बोलतेय."

"हां, बोल."

"वाईट नाही."



"काय सांगतेस!" कॅम म्हणाला.

"हं. वारं नाही म्हटलं तरी चालेल. पण जेवणानंतर थोडं येईल."

"निघालोच. आजी, टोपी घाला!"

"च्यायला, वाईट नाही!" डूगी ओरडला. "उचला रे नांगर!"

मर्टलने रेडिओ माझ्या हातात परत दिला आणि ती यंत्राकडे गेली.  लग्नाला इतकी वर्षं झाली की बोलायची गरज उरत नाही.

हेलिकॉप्टर उतरलं तेव्हा करडी रेघ पट्टा झाली होती. कॅम म्हणाला, "फार वेळ नाही." चढ मोठा होता, म्हणून विनीबाईंना कोबीच्या हातगाडीत बसवलं. मी ढकलायला लागलो.

"सावकाश," त्या म्हणाल्या. "मी बटाटे नाही."

"माफ करा."

"पाय बिळात गेला ना?"

"हो."

"माझ्या वडिलांचाही जायचा. तेही तुमच्यासारखेच बोलत चालायचे."

मनोरा बुटका आहे. कडाच एवढा उंच की बांधणाऱ्यांनी वर हात आखडता घेतला. तरी विनीबाईंना वेळ लागला. त्या कठड्याला धरून चढत होत्या, मागे मर्टल, तिच्या मागे मी. वर पोचल्यावर त्यांनी भिंगाकडे नुसतं पाहून घेतलं, ओळखीच्या माणसाकडे पाहतात तसं, आणि सरळ उत्तरेच्या काचेशी गेल्या. आज सकाळी मी पडदे ओढले नव्हते. मर्टलने बजावलं होतं.

त्यांनी पडद्याची कड धरली. पितळेच्या कड्या दांडीवरून किरकिरत सरकल्या. एक पडदा, मग दुसरा. भिंगातलं ऊन विझलं. त्या तशाच उभ्या राहिल्या, कापडावर हात ठेवून. मग बोटं चोळून पाहिली.

मी या प्रसंगासाठी तीन वाक्यं तयार ठेवली होती. मर्टलने माझ्याकडे पाहिलं. मी ती गिळली.

"झालं," विनीबाई म्हणाल्या, आणि उतरायला लागल्या.

खाली कॅमने पंखा सुरूच ठेवला होता. ढग समुद्रातल्या पहिल्या खडकापर्यंत आले होते. त्यांना आत बसवलं, पट्टा बांधला, मर्टलने मांडीवर एक कोबी दिला. मला वाटलं, आता या काहीतरी बोलतील. एवढ्या वर्षांनी बापाचा शब्द पुरा झाला होता. असं वाक्य ऐकायला मिळावं म्हणूनच तर माणूस इथवर येतो.

त्यांनी खरोखरच मला बोटाने जवळ बोलावलं. पंख्याच्या आवाजात मी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"पडदे जरासे मळलेत," त्या म्हणाल्या. "जमलं तर धुवून टाका."