अकरा नंबरच्या रॅकपाशी

वॉशिंग मशीनच्या त्या नव्या कारखान्यात माणसं एकमेकांना धडकतील, पण कासवं कुणाला धडकायची नाहीत. कासवं म्हणजे गोदामातल्या बिनड्रायव्हरच्या गाड्या. चपट्या, पिवळ्या, पाठीवर खोक्यांची चळत घेऊन रॅकमधून गुपचूप फिरणाऱ्या. समोर माणूस दिसला की थांबायचं आणि तो बाजूला झाला की निघायचं, एवढंच त्यांचं शिक्षण. महाडच्या बाजारात मोटारसायकल हाणणाऱ्यांना तेवढंही अजून जमलेलं नाही, तेव्हा गाड्यांना नावं ठेवायचं कारण नाही.

त्यांना वाट दाखवली ती कुशाबाने. कुशाबा पोलादपूरच्या वरच्या अंगाचा, आधी टेम्पोवाला, मग इथे फोर्कलिफ्टवर. गाड्या आल्या तेव्हा साहेब म्हणाले, एक गाडी हाताने सगळ्या गोदामातून फिरवा. ती वाट लक्षात ठेवते आणि बाकीच्या तिचंच ऐकतात. कुशाबाने फिरवली. आणि अकरा नंबरच्या रॅकपाशी, चांगल्या मोकळ्या सपाट लादीवर, ती हातभर बाजूने वळवून घेतली.

ही घाटातली सवय. आंबेनळीत ज्या वळणावर कुणी अपघातात गेलेलं असतं तिथे ड्रायव्हर हॉर्न देतो आणि गाडी जरा अंग चोरून काढतो. आपण त्याच्या अंगावरून जात नाही, हे गेलेल्याला कळावं म्हणून. हे कुणी शिकवत नाही. शेजारच्या सीटवर बसून बसून येतं. फोर्कलिफ्टवर होता तेव्हाही कुशाबा अकरा नंबरपाशी हॉर्न द्यायचा. बाकीचे ड्रायव्हर इकडचेच. एकानेही कारण विचारलं नाही, उलट तेही द्यायला लागले.

विचारणार काय? सगळ्यांना ठाऊक होतं. कारखान्याची जागा नदीकडची, खोलगट. तिला भराव लागला, आणि डंपर भरून माती आली ती कुशाबाच्या वाडीवर कोसळलेल्या दरडीची. त्याच्या घरावरची माती जिथे ओतली, तिथेच पुढे अकरा नंबरचा रॅक उभा राहिला. वाडीतल्या बाकीच्या माणसांची प्रेतं त्या दरडीत सापडली होती. मंजुळा सापडली नव्हती. मंजुळा कुशाबाची बायको. तो त्या दिवशी माल घेऊन महाबळेश्वरला गेला होता, म्हणून राहिला.

भावकी म्हणाली, तिचे दिवस करून टाकू. पण दिवसांना जीवखडा लागतो. सरणाभोवती फिरताना ज्या खड्याने मडक्याला भोक पाडतात, त्यात गेलेल्याचा जीव धरतात आणि दहाव्यापर्यंत सांभाळतात. इथे सरणच नाही, तर खडा कुठला? चुलतभाऊ म्हणाला, दरडीतला घे एखादा.

"एवढ्या दगडांत तिचा कुठला, तुला म्हायत हाय काय रे?" कुशाबा कडाडला, आणि दिवस करायचे राहिले ते राहिलेच. तेव्हापासून त्याला घास गोड लागेना. आपली बाई उघड्यावर पडली आहे आणि आपण पंख्याखाली झोपतो, याची त्याला लाज वाटायची. दुःख परवडलं, पण ती लाज नको.

गाड्यांची व्यवस्था बघायला आम्रपाली होती. इंजिनीअर, महाडचीच पोर. तिला पडद्यावर तो बाक दिसला.

"काका, इथे वाट वाकडी का आहे?"

कुशाबाने सांगून टाकलं. आम्रपाली बौद्धवाड्यातली, भुताखेतावर तिचा काडीचा विश्वास नाही. पण ती हसलीही नाही. तिने वाट सरळ केली, कारण तिचं कामच ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं कासव सरळ अकरा नंबरपाशी आलं आणि थांबलं. पडद्यावर अक्षरं उमटली: समोर माणूस. समोर कुणी नव्हतं. मागचं कासव येऊन त्याच्या पाठी थांबलं, मग तिसरं, आणि चहापर्यंत गोदामात रांग लागली. आम्रपालीने गाडीचे डोळे पुसले, वरचे दिवे मालवले, लादी चमकत असेल म्हणून गोणपाट टाकलं, गाडी बदलून पाहिली. समोर माणूस. कुशाबा लांब उभा राहून बघत होता. इतके दिवस नुसतं मनात होतं, ते आता सगळ्यांदेखत बाहेर आलं होतं.

मोठे साहेब राजेंद्र पुण्याचे. ते तडकले.

"उद्यापासून तेवढ्या जागेवर गाड्यांचे डोळे बंद ठेवा. आणि कडेने रेलिंग ठोका, म्हणजे खरंखुरं कुणी मध्ये यायला नको."

कुशाबा आम्रपालीच्या टेबलापाशी गेला. "मॅडम, म्हंजे उद्यापासना गाडी तिच्या अंगावरना जानार."

"मला नाही म्हणता येणार नाही, काका," ती म्हणाली. "पण रेलिंगचा पहिला खांब कुठे रोवायचा ते कुणी ठरवलेलं नाही. तुम्ही दाखवा."

कुशाबाने कासव थांबत होतं त्याच्या जरा पुढे, वाटेच्या कडेला बोट ठेवलं. खांबासाठी लादी गोल कापली. आधी पांढरी भुकटी उडाली, मग खाली तांबडी ओली माती लागली. वाडीतलीच माती, कुशाबाने वासावरून ओळखली. तो गुडघ्यावर बसला, कोपरापर्यंत हात आत घातला आणि हाताला लागला तो खडा वर काढला. बोराएवढा, साधाच.

"चल गो मंजुळा," तो हळू म्हणाला. "घरी जाऊया."

खडा रुमालात बांधून त्याने खिशात ठेवला. गाड्यांचे डोळे बंद करण्याआधी आम्रपालीने एकदा गाडी सोडून पाहिली. कासव अकरा नंबरवरून सरळ निघून गेलं. राजेंद्रसाहेब म्हणाले, बघा, लादीतच काहीतरी दोष होता.

पाळी सुटली. कुशाबा गोदामातून गेटकडे निघाला. मोकळं मोकळं वाटत होतं. रविवारी भावकीला बोलवायचं, भटजींना निरोप धाडायचा, असं त्याच्या डोक्यात चाललं होतं. तेवढ्यात समोरून कासव आलं आणि त्याला बघून थांबलं. नेहमीसारखा तो बाजूला झाला.

कासव हललं नाही.

तो आणखी सरकला, पाठ रॅकला टेकली. वाट रिकामी. कासव थांबलेलंच. त्याने टेबलाकडे पाहिलं. आम्रपाली पडद्यावरची अक्षरं वाचत होती: समोर माणूस.

कुशाबाला पोलादपूरचा बाजार आठवला. मंजुळा नेहमी दोन पावलं मागे आणि भर रस्त्यात उभी, बांगड्यांची दुकानं बघत. मागून गाड्या हॉर्न मारायच्या आणि हा वळून तिला ओढून घ्यायचा. त्याने रिकाम्या वाटेकडे हात पुढे केला.

"बाजूला ये गो," तो म्हणाला. "गाडीला जाऊ दे."

कासव निघालं. कुशाबाने पुढे केलेला हात गेटपर्यंत तसाच धरून ठेवला.